कृपा कमावता येत नाही, मग चांगले वागायचे कशासाठी?

लूकच्या शुभवर्तमानात, तेविसाव्या अध्यायात, येशूच्या शेजारी वधस्तंभावर टांगलेला एक गुन्हेगार आहे. आपल्याला मिळालेली शिक्षा रास्तच आहे असे तो स्वतःच कबूल करतो आणि येशूकडे एवढेच मागतो की, तू आपल्या राज्यात येशील तेव्हा माझी आठवण ठेव. त्याला उत्तर मिळते, ‘आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील.’ या माणसाने आपण केलेल्या नुकसानीची भरपाई केलेली नाही, ज्यांचे वाईट केले त्यांच्यापुढे जाऊन क्षमा मागितलेली नाही, बाप्तिस्मा घेतलेला नाही, आणि एखादे सत्कृत्य करावे म्हटले तर हातपाय मोकळे नाहीत. तरीही त्याला जे मिळते, ते आयुष्यभर सचोटीने वागणाऱ्या माणसालाही हक्काने मागता येणार नाही, असे ख्रिस्ती शिकवण सांगते.

ही गोष्ट ऐकल्यावर ख्रिस्ती नसलेल्या वाचकाला जो प्रश्न पडतो तोच अनेक ख्रिस्ती लोकांनाही पडतो. ते तो उघडपणे विचारत नाहीत, इतकेच. मग नीतीने वागण्याची किंमत काय उरली? आणि देव असा हिशोबच ठेवणार नसेल, तर त्याला न्यायी तरी कसे म्हणायचे? या प्रश्नाने ख्रिस्ती धर्मात पंधराशे वर्षे वाद पेटता ठेवला, एक अखंड चर्च दुभंगले, आणि त्या दुफळीवर दोन्ही बाजूंच्या संयुक्त सह्या पडायला 1999 साल उजाडावे लागले. वाद समजायला तसा अवघड नाही. अडचण अशी की तो ज्या शब्दांत मांडला जातो ते शब्द आपण रोज वेगळ्याच अर्थाने वापरत असतो.

शब्दांचा घोळ आधी मिटवू

मराठीत ‘पाप’ म्हटले की त्याच्या जोडीला ‘पुण्य’ येते, आणि ही जोडी आली की डोळ्यांपुढे जमाखर्चाची वही उभी राहते. एका बाजूला पापे, दुसऱ्या बाजूला पुण्ये, आणि शेवटी शिल्लक काय ती बघायची. नव्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूनंतरच्या भागात, पापाबद्दलचा मुख्य विचार असा नाही. तिथे पापकृत्ये आहेतच, परंतु त्यांच्या मुळाशी ‘पाप’ नावाची एक अवस्था आहे. माणसाची इच्छाच वाकडी झालेली आहे, तो देवाकडे आणि शेजाऱ्याकडे तोंड करून उभा राहण्याऐवजी स्वतःकडेच वळलेला आहे, आणि चुकीची कृत्ये ही त्या अवस्थेची लक्षणे आहेत. या अवस्थेतून सुटका होणे म्हणजे ‘तारण’. देवाने माणसाला आपल्याशी योग्य नात्यात उभे असलेला म्हणून स्वीकारणे, याला मराठी बायबल ‘नीतिमान ठरवणे’ म्हणते. हा शब्दप्रयोग न्यायालयातून आलेला आहे, हे लक्षात ठेवावे. पुढे ते उपयोगी पडेल.

राहिले ‘कृपा’ आणि ‘विश्वास’. कृपा म्हणजे लायकी न पाहता देवाने दिलेली देणगी, आणि ती देणगी देताना त्याने माणसाच्या आत सुरू केलेले काम. विश्वास म्हणजे ‘देव आहे’ असे मान्य करणे नव्हे. बुडणारा माणूस पुढे केलेला हात ज्या भरवशाने धरतो, त्या भरवशाला विश्वास म्हणायचे. नव्या करारातील याकोबाच्या पत्रात तर खोचकपणे म्हटले आहे की, देव एकच आहे असे भुतेही मानतात आणि थरथर कापतात.

वही की आजार?

सगळ्या वादाची मेख इथेच आहे. माणसाची नैतिक अडचण ही कर्जासारखी असेल, तर जास्त मेहनत करून ती फेडता येईल. निदान फेडण्याचा प्रयत्न करणे शहाणपणाचे ठरेल. ती आजारासारखी असेल, तर जास्त मेहनत उपयोगाची नाही, कारण मेहनत करणारे अंगच आजारी आहे. पहिल्या शतकातील ख्रिस्ती प्रचारक पौल याने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात या दुसऱ्या अनुभवाला जे शब्द दिले आहेत, ते कोणत्याही धर्माच्या वाचकाला ओळखीचे वाटतील. जे चांगले करावेसे वाटते ते माझ्याकडून होत नाही, आणि जे वाईट करायचे नाही म्हणून ठरवतो तेच हातून घडते, अशी त्याची तक्रार आहे. ही तक्रार आळशी माणसाची नाही. धर्मशास्त्र पाळण्यात आपण आपल्या वयाच्या अनेकांच्या पुढे होतो, असे तो गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात सांगतो.

मांडीचे हाड मोडलेल्या माणसाचे उदाहरण घेऊ. शस्त्रक्रिया चालू असते तेव्हा तो भूल दिलेल्या अवस्थेत पडलेला असतो आणि हाड जुळवण्यात त्याचा तिळमात्र वाटा नसतो. त्यानंतर मात्र महिनोन्महिने व्यायाम करावा लागतो. तो दुखतो, कंटाळवाणा असतो आणि रुग्णाऐवजी दुसऱ्या कोणाला करता येत नाही. त्या व्यायामाने हाड जुळले असे कोणी म्हणत नाही. तसेच हाड जुळलेच आहे तर व्यायाम कशाला, असेही कोणी शहाणा माणूस म्हणत नाही. ख्रिस्ती परंपरेच्या बहुतेक शाखांना या दृष्टान्ताचे दोन्ही अर्धे मान्य आहेत. भांडण आहे ते भूल नेमकी कधी उतरते, आणि शस्त्रक्रियेला संमतीची सही कोणी केली, यावरून. कोणताही दृष्टान्त शेवटपर्यंत ताणला की तुटतो. पण एवढ्यापुरता तो टिकतो.

पौल कोणाशी भांडत होता?

‘कर्मांनी नव्हे, विश्वासाने’ ही पौलाची घोषणा पहिल्या शतकाच्या मध्यावर एका नेमक्या पेचातून निघाली. येशूचे पहिले अनुयायी यहुदी होते. मग यहुदी नसलेले लोक येऊ लागले, आणि त्यांनी आधी सुंता करून घ्यावी, खाण्यापिण्याचे नियम पाळावेत आणि मगच त्यांना देवाच्या लोकांत धरावे, असा आग्रह काहींनी धरला. पौलाने त्याला कडाडून विरोध केला. देवाने या लोकांना ते आहेत तसे स्वीकारल्याचे आपण पाहिले आहे, तर प्रवेशासाठी वेगळे ओळखपत्र मागणारे तुम्ही कोण, हा त्याच्या युक्तिवादाचा गाभा होता.

इथे एक जुना गैरसमज दूर करायला हवा, कारण त्याने बरेच नुकसान केले आहे. यहुदी धर्म म्हणजे पुण्य साठवून स्वर्ग विकत घेण्याचा धर्म आणि ख्रिस्ती धर्म म्हणजे कृपेचा धर्म, असे चित्र अनेक शतके रंगवले गेले. ई. पी. सँडर्स या अभ्यासकाने 1977 मध्ये तत्कालीन यहुदी ग्रंथांचा धांडोळा घेऊन दाखवले की, तिथेही देवाने निवड आधी केली आणि नियम त्यानंतर दिले, असाच क्रम होता. इजिप्तच्या गुलामगिरीतून सुटका आधी झाली आणि दहा आज्ञा नंतर आल्या, हे तर बायबलच्या कथेतच आहे. तेव्हा कृपेचा शोध ख्रिस्ती धर्माने लावला, असे म्हणता येत नाही.

मग पौलाचे म्हणणे नवे कशात होते? ग्रीक भाषेत ज्याला तो ‘खारिस’ म्हणतो, त्या शब्दाचा साधा अर्थ देणगी किंवा उपकार असा आहे. त्या काळच्या समाजात देणगी विचारपूर्वक, पात्र माणसाला द्यायची असा शिरस्ता होता. अपात्राला दिलेली देणगी म्हणजे देणाऱ्याचा मूर्खपणा मानला जाई. देवाने आपली सर्वांत मोठी देणगी जाणूनबुजून अपात्रांना दिली, हे पौलाचे विधान म्हणूनच ऐकणाऱ्यांना धक्कादायक वाटले. मात्र देणगी मिळाल्यावर काहीच परतफेड अपेक्षित नसते, असे त्या समाजात कोणीही मानत नव्हते, आणि पौलही मानत नव्हता. ‘कसलीही अट नसलेली’ आणि ‘कसलेही उत्तर न मागणारी’ या दोन गोष्टी आज आपण एकच समजतो. त्या एक नाहीत, आणि निम्मे गैरसमज तिथूनच उगवतात.

नासपतीची चोरी आणि एक सज्जन तपस्वी

ऑगस्टीन सोळा वर्षांचा असताना त्याने आणि त्याच्या मित्रांनी शेजारच्या झाडावरच्या नासपती चोरल्या. भूक नव्हती, घरी त्यांहून चांगली फळे होती, आणि चोरलेली बहुतेक फळे त्यांनी डुकरांपुढे टाकली. पुढे उत्तर आफ्रिकेतील हिप्पो शहराचा बिशप झाल्यावर लिहिलेल्या आत्मकथनात तो या क्षुल्लक चोरीवर पानेच्या पाने खर्च करतो, कारण तिच्यात त्याला एक भीषण गोष्ट दिसते: आपण फायद्यासाठी वाईट वागलो नाही, वाईट वागण्याची गोडी होती म्हणून वाईट वागलो. इच्छाच बिघडलेली असेल तर ‘मनावर घे, सुधारशील’ हा सल्ला निरुपयोगी आहे, कारण जे मनावर घ्यायचे ते मनच बिघडलेले आहे. म्हणून त्याची प्रार्थना अशी होती की, तू जी आज्ञा करशील ती पाळण्याचे बळही तूच दे, आणि मग हवी ती आज्ञा कर.

ही प्रार्थना रोममध्ये वाचली गेली तेव्हा ब्रिटनहून आलेला पेलागियस नावाचा तपस्वी संतापला, असे ऑगस्टीननेच पुढे नोंदवले आहे. पेलागियसला इतिहासाने खलनायक ठरवले. माझ्या मते ते त्याच्यावर थोडे अन्यायकारक आहे. त्याच्या भोवतालचे ख्रिस्ती उच्चभ्रू ऐषारामात लोळत होते आणि ‘माणूस दुबळाच, काय करणार’ असे म्हणून हात झटकत होते. त्यांना तो विचारत होता की, न पाळता येणारी आज्ञा देव देईल तरी कसा? त्याने आपल्याला इच्छास्वातंत्र्य दिले, नियम दिले, ख्रिस्ताचा आदर्श दिला, पूर्वीच्या पापांची क्षमा दिली. हीच त्याची कृपा, आता पुढचे आपले काम. एखाद्या कर्तव्यदक्ष शिक्षकाचा हा सूर आहे आणि त्यात खोटे काही नाही.

उणीव दुसरीकडे आहे. कृपा अशी बाहेरूनच मिळत असेल, तर यशस्वी माणसाला ‘हे मी केले’ म्हणण्याचा हक्क मिळतो आणि अपयशी माणसाला दोष सोडून दुसरे काही मिळत नाही. पेलागियसच्या शिकवणीत दुबळ्या माणसाला जागा नव्हती, तर ऑगस्टीनच्या शिकवणीत त्याच्यापासूनच सुरुवात होत होती. 418 मध्ये कार्थेजच्या धर्मपरिषदेने पेलागियसची मते फेटाळली आणि 431 मध्ये एफेससच्या परिषदेने त्यावर शिक्कामोर्तब केले. आरंभाचे पाऊल माणसाचे आणि नंतरची मदत देवाची, हा मधला तोडगाही 529 मध्ये ऑरेंजच्या परिषदेने नाकारला. आरंभदेखील कृपेचाच, असे पश्चिमेकडील चर्चने तेव्हाच ठरवले होते. कॅथलिक लोक कर्मांनी तारण कमावायचे मानतात, असे आजही सर्रास बोलले जाते. तसे बोलणाऱ्यांनी हे साल ध्यानात ठेवावे.

आरंभ देवाचा म्हणजे काय, हे समजायला तान्हे मूल बघावे. मूल बोलायला शिकते ते त्याच्याशी आधी कोणीतरी बोलते म्हणून. त्याला एक शब्दही कळत नसतो तेव्हापासून आई त्याच्याशी असे बोलत असते, जणू ते उत्तर देणार आहे. पुढे मूल धडपडते, चुकते, पुन्हा प्रयत्न करते, आणि हे प्रयत्न सर्वस्वी त्याचे असतात. तरीही भाषा त्याने कमावली असे म्हणणे विचित्र वाटते, आणि त्याने काहीच केले नाही असे म्हणणेही खोटे ठरते. त्याचा प्रत्येक शब्द हा आधी ऐकलेल्या शब्दाला दिलेला प्रतिसाद असतो. किती टक्के आईचे आणि किती टक्के मुलाचे, हा प्रश्नच तिथे लागू पडत नाही.

ल्यूथरने काय बदलले?

सोळाव्या शतकापर्यंत सिद्धान्तात कृपा असली तरी व्यवहारात वही परत आली होती. पापाची क्षमा झाल्यावरही भोगावी लागणारी शिक्षा कमी करणारी माफीपत्रे पैसे घेऊन दिली जात होती. ती पत्रे पापाची क्षमा करतात असे चर्चची अधिकृत शिकवण म्हणत नव्हती, पण विकणारे आणि घेणारे एवढा बारकावा पाळत नव्हते. 1517 मध्ये मार्टिन ल्यूथर या जर्मन साधूने या व्यवहारावर आपली 95 प्रमेये मांडली. त्याच्या आत चाललेली लढाई मात्र पैशांपुरती नव्हती. तो अत्यंत काटेकोर साधू होता आणि आपण पुरेसे केले की नाही ही शंका त्याला जाळत होती. ‘देवाचे नीतिमत्त्व’ या शब्दांचा आपल्याला द्वेष वाटे, असे त्याने उतारवयात लिहिले आहे, कारण ज्या नीतिमत्त्वाने देव पाप्याला शिक्षा करतो ते नीतिमत्त्व, असाच अर्थ त्याला शिकवला गेला होता. रोमकरांस पत्र पुन्हापुन्हा वाचताना त्याला उमगले की, ज्या नीतिमत्त्वाचे पांघरूण देव पाप्याला घालतो, ते हे नीतिमत्त्व आहे.

इथे न्यायालयाचा शब्द कामी येतो. ल्यूथरच्या मते ‘नीतिमान ठरवणे’ हा निवाडा आहे. तो एका क्षणात होतो, ख्रिस्ताच्या आधाराने होतो, आणि माणसाने तो विश्वासाने स्वीकारायचा असतो. त्यानंतर आयुष्यभर चालणारी सुधारणा ही वेगळी गोष्ट; तिला ‘पवित्रीकरण’ म्हणतात. कॅथलिक चर्चने 1547 मध्ये ट्रेंटच्या परिषदेत उत्तर दिले. कृपेवाचून केवळ आपल्या कर्मांनी माणूस नीतिमान ठरू शकतो असे म्हणणाऱ्याला त्या परिषदेने पहिल्याच कलमात दोषी ठरवले. पण नीतिमान ठरणे हा नुसता निवाडा नसून माणसाचे आतून नवे होणेही त्यातच येते, आणि कृपेने जागी झालेली इच्छा त्यात सहकार्य करते, असे ठामपणे सांगितले.

दत्तक घेण्याचा दृष्टान्त खुद्द पौलाने वापरला आहे. रस्त्यावर वाढलेले मूल एका घराने दत्तक घेतले. कागदावर सही झाली त्या क्षणी ते त्या घराचे झाले. अर्धे मूल, पाऊण मूल असे काही नसते. परंतु खोटे न बोलता राहणे, अन्न लपवून न ठेवणे, कोणी हात उचलला की मारायलाच उचलला असे न समजणे, हे शिकायला त्याला दहा वर्षे लागतील. दत्तक जाणे म्हणजे ती सही, असे ल्यूथर म्हणतो. मूल हळूहळू त्या घराचे होत जाणे हाही दत्तक जाण्याचाच भाग आहे, असे ट्रेंट म्हणते. सही मुलाच्या वागण्याचे बक्षीस नव्हती, हे दोघांनाही मान्य आहे. एवढ्या फरकावरून चर्च फुटावे का? फुटले, कारण रात्री झोप न येणाऱ्या त्या मुलाला काय सांगायचे, यावर दोघांची उत्तरे वेगळी येतात. ल्यूथर त्याला सही दाखवतो.

पण याकोब तर उलट सांगतो?

सांगतो, आणि अगदी पौलाचेच शब्द उलटवून सांगतो. माणूस केवळ विश्वासाने नव्हे तर कर्मांनी नीतिमान ठरतो, असे याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे. ल्यूथरला हे पत्र इतके खुपले की 1522 च्या प्रस्तावनेत त्याने त्याला गवताचे पत्र म्हटले. त्याच वर्षी रोमकरांस पत्राच्या भाषांतरात पौलाच्या वाक्यात नसलेला ‘केवळ’ हा शब्द त्याने घातला, आणि वाक्याचा अर्थ आणि जर्मन भाषेचे वळण तो मागतात, असे समर्थनही केले. गंमत अशी की ‘केवळ विश्वासाने’ हे शब्द बायबलमध्ये जसेच्या तसे फक्त याकोबाच्या पत्रात येतात, आणि तेही नकारासह.

दोघेही यहुदी लोकांचा मूळपुरुष अब्राहाम याचेच उदाहरण देतात, पण त्याच्या आयुष्यातील वेगवेगळे प्रसंग उचलतात. पौल बायबलमधील उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायाकडे बोट दाखवतो, जिथे अब्राहामाने वचनावर भरवसा ठेवला आणि तो नीतिमान गणला गेला. याकोब बावीसाव्या अध्यायावर भर देतो, जिथे तो भरवसा कसोटीला लागला. पौलापुढे दारात उभा असलेला परका आहे आणि त्याला आत घ्यायचे की नाही हा प्रश्न आहे. याकोबापुढे आत आरामात बसलेला माणूस आहे, जो उघड्यानागड्या भावाला ‘सुखाने जा, ऊब घे’ म्हणून निरोप देतो. एकाच औषधाची मात्रा दोन रोग्यांना सारखी देता येत नाही. ल्यूथरही रोमकरांस पत्राच्या प्रस्तावनेत लिहितो की विश्वास ही सतत खटपट करणारी जिवंत गोष्ट आहे, आणि सत्कृत्ये करावीत का असे विचारण्याआधीच ती करून मोकळी झालेली असते.

मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायातील न्यायाचा प्रसंग अनेकदा कर्मांच्या बाजूचा पुरावा म्हणून पुढे केला जातो, कारण तिथे भुकेल्याला अन्न दिले का, तुरुंगातल्याला भेटलात का, एवढेच विचारले जाते. तो पुरावा आहेच. परंतु ज्यांना शाबासकी मिळते ते चकित होतात आणि ‘आम्ही हे कधी केले?’ असे विचारतात, याकडे फारसे लक्ष जात नाही. त्यांनी वही ठेवलेली नव्हती.

मग मनाला येईल तसे वागायला मोकळीक?

हा आक्षेप इतका जुना आहे की पौलाने तो स्वतःच लिहून ठेवला आहे: कृपा वाढावी म्हणून आपण पाप करत राहावे काय? त्याचे उत्तर तडकाफडकी ‘कधीच नाही’ असे आहे. ज्या आजारातून सुटलो त्यातच राहण्याची सवलत मागणे, म्हणजे सुटका झालीच नाही असे कबूल करणे. तरीही व्यवहारात कृपेचा असा गैरवापर झाला आहे आणि होतो, हे मान्य केल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. अत्याचार करणारा क्षमेची वचने तोंडावर फेकतो आणि ज्याच्यावर अत्याचार झाला त्याच्याकडून तत्काळ विसरण्याची अपेक्षा करतो, ही तक्रार खरी आहे. देवाची क्षमा मिळाली म्हणून न्यायालयाची शिक्षा टळत नाही आणि भरपाईची जबाबदारीही संपत नाही. वधस्तंभावरचा तो गुन्हेगारही वधस्तंभावरून खाली उतरवला गेला नाही.

या गैरवापरावर सर्वांत धारदार टीका ल्यूथरच्याच परंपरेतील एका पाळकाने केली. डीट्रिख बोनहोफर यांनी 1937 मध्ये ‘स्वस्त कृपा’ असा शब्द वापरला. पश्चात्तापावाचून क्षमा, शिष्यत्वावाचून कृपा, असा त्याचा अर्थ. त्यांच्या देशातील चर्चचा मोठा भाग तेव्हा हिटलरच्या राजवटीशी जुळवून घेत होता आणि दर रविवारी क्षमेचे आश्वासनही ऐकत होता. बोनहोफर यांना 9 एप्रिल 1945 रोजी फाशी देण्यात आले.

सगळे देवच करतो, तर प्रयत्न हे नाटकच नव्हे का?

फिलिप्पैकरांस पत्रात पौल एका दमात दोन गोष्टी सांगतो: भीत व कापत आपले तारण साधून घ्या, कारण इच्छा करणे आणि कृती करणे या दोन्ही गोष्टी तुमच्यात घडवणारा देव आहे. आपल्याला इथे ‘कारण’ऐवजी ‘तरीही’ यायला हवे होते असे वाटते. देव जेवढे करतो तेवढे माणसाच्या वाट्याचे कमी होते, असे आपण गृहीत धरतो. पौलाचा ‘कारण’ हा शब्द नेमका त्या गृहीताला छेद देतो.

भारतीय वाचकाला हा पेच परका नाही. मांजरीचे पिल्लू काहीच करत नाही, आईच त्याला तोंडात धरून नेते. माकडाच्या पिल्लाला मात्र आईला घट्ट धरावे लागते. श्रीवैष्णव परंपरेतील दोन पंथ याच दोन उपमांवरून वाद घालत आले. ख्रिस्ती जगात सोळाव्या शतकातील धर्मसुधारक जॉन कॅल्व्हिनचे अनुयायी मांजरीच्या बाजूला झुकतात. देवाने कोणाला तारायचे ते आधीच ठरवले आहे, हे मत त्यांच्याच परंपरेत सर्वाधिक ठळक आहे, आणि त्याचा बचाव करणे मला तरी जमणार नाही. अठराव्या शतकातील, मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली म्हणतो की कृपा प्रत्येकाकडे आधीच चालून येते आणि नाकारण्याचे स्वातंत्र्यही तीच देते. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्च तर निवाड्याची भाषा फारशी वापरतच नाही. माणसाने देवाच्या जीवनात सहभागी होत जाणे हे तारणाचे रूप, आणि त्यात देव व माणूस यांचे सहकार्य असते, असे सांगून ते मोकळे होते.

आयुष्यभर चांगले वागलेल्यांवर हा अन्यायच नाही का?

द्राक्षमळ्यातील मजुरांच्या दृष्टान्तात हाच आक्षेप मजूरच घेतात. पहाटेपासून उन्हात राबलेल्यांना आणि शेवटचा एक तास काम केलेल्यांना मालक सारखीच मजुरी देतो. पहिल्यांना ठरलेल्यापेक्षा कमी मिळालेले नाही. दुसऱ्याला जास्त मिळाले याचे दुःख आहे. न्याय म्हणजे प्रत्येकाला त्याच्या श्रमाइतके, असे मानले तर मालक चुकलाच. हा आक्षेप पूर्णपणे निकालात निघतो असे मला वाटत नाही, आणि दृष्टान्तही तो निकालात काढत नाही. ‘मी उदार आहे म्हणून तुला सलते काय?’ असा प्रश्न विचारून तो थांबतो. मात्र चांगले वागणे ही दिवसभराची हमाली आहे आणि वाईट वागणे ही चुकवलेली हमाली आहे, हे या आक्षेपामागचे गृहीत तपासून पाहण्यासारखे आहे. जो मळ्यात काम मिळण्याची वाट बघत दिवसभर नाक्यावर उभा राहिला, त्याचा दिवस सुखात गेला होता काय?

ख्रिस्ती नसलेल्या सज्जनांचे काय, या प्रश्नावर चर्चचे एकमत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 मध्ये असे म्हटले की, ज्यांना स्वतःचा दोष नसताना शुभवर्तमान कळलेले नाही, पण जे प्रामाणिक मनाने देवाचा शोध घेतात आणि सदसद्विवेकाला धरून वागतात, त्यांनाही तारण मिळू शकते. सोळाव्या शतकातील त्या फुटीतून निघालेले अनेक प्रॉटेस्टंट गट हे मानत नाहीत. लक्षात घेण्यासारखे हे की, त्या परिषदेच्या वाक्यातही हे लोक कृपेच्या प्रेरणेने वागतात असेच शब्द आहेत. म्हणजे त्यांच्यासाठीही वही उघडलेली नाही.

आपण कृपेत आहोत, हे कळायचे कसे?

31 ऑक्टोबर 1999 रोजी ऑग्सबुर्ग येथे कॅथलिक चर्च आणि ल्यूथरन जागतिक महासंघ यांनी एका संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. आपल्या कोणत्याही गुणामुळे नव्हे तर केवळ कृपेने, ख्रिस्तावरील विश्वासात देव आपल्याला स्वीकारतो, आणि पवित्र आत्मा आपली मने नवी करून आपल्याला सत्कृत्यांसाठी बोलावतो, असे दोघांनी मिळून म्हटले. 2006 मध्ये मेथडिस्ट आणि 2017 मध्ये कॅल्व्हिनच्या परंपरेतील रिफॉर्म्ड चर्चेसही त्यात सामील झाली. सगळे मतभेद मिटले असे नाही. क्षमा मिळालेला माणूस एकाच वेळी नीतिमान आणि पापी असतो का, यावर अजून एकवाक्यता नाही, आणि स्वतःबद्दल किती खात्री बाळगता येते यावर दोन परंपरांचा सूर आजही वेगळा लागतो. ल्यूथरनांना खात्री हवी असते, कारण ती नसेल तर माणूस पुन्हा स्वतःची कर्मे मोजू लागतो. कॅथलिकांना तिची भीती वाटते, कारण ती असेल तर माणूस निर्धास्त होतो.

ल्यूथरच्या जन्माच्या अर्धशतकाआधी, 1431 च्या फेब्रुवारीत, रूआँ येथे फ्रान्सच्या बाजूने लढलेल्या जोन ऑफ आर्क हिच्यावर धर्मन्यायालयात खटला चालू होता. ती सुमारे एकोणीस वर्षांची होती आणि तिला लिहितावाचता येत नव्हते. परीक्षकांनी तिला विचारले की, तू देवाच्या कृपेत आहेस, हे तुला ठाऊक आहे काय? प्रश्न सापळ्यासारखा होता. ‘हो’ म्हटले तर जे कोणालाही खात्रीने कळू शकत नाही ते कळल्याचा दावा केला म्हणून ती दोषी. ‘नाही’ म्हटले तर आपण पापात आहोत अशी तिचीच कबुली. तिचे उत्तर खटल्याच्या नोंदींत आहे: ‘मी कृपेत नसेन, तर देवाने मला तिथे आणावे, आणि असेन, तर त्याने मला तिथेच ठेवावे.’